लाल गहू, पांढरी भुकटी

आमच्या घरात अमेरिका पहिल्यांदा आली ती गव्हाच्या पोत्यातून. कात्रजच्या गावठाणातल्या त्या घरात रोजची भाकरी ज्वारी-बाजरीची असायची, घाटापलीकडच्या पाहुण्यांकडून तांदूळ यायचा आणि गव्हाची पोळी व्हायची ती सणासुदीला. रेशनच्या दुकानात स्वस्त गहू मिळू लागला तसा तो रोजच्या जेवणात शिरला. आजी त्याला ‘लाल गहू’ म्हणायची. “पोळी वातड व्हायची, पण पोरांची पोटं भरायची,” असं ती सांगायची. मग थोडं थांबून म्हणायची, “आपल्या रानातल्या जोंधळ्याला मात्र गिऱ्हाईक तवापासनं घासाघीस करायला लागलं.”

या दुसऱ्या वाक्यात एका अख्ख्या ज्ञानशाखेचा प्रश्न आहे, हे मला पुढे गणेशखिंडीतल्या विद्यापीठात शिकताना उमगलं. आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र हे तिचं भारदस्त नाव. अर्थशास्त्राचे लोक सत्तेकडे बघत नाहीत आणि राजकारणाचे लोक बाजाराकडे, अशी तक्रार सुसान स्ट्रेंज या ब्रिटिश विदुषीने १९७० साली एका निबंधात केली आणि तिथून या विषयाला बळ आलं. पण पुणेकरांनी हा प्रश्न त्याच्या खूप आधी ऐकला होता. १८९२ साली डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानडे भारतीय अर्थशास्त्रावर बोलले. अर्थशास्त्राचे नियम सगळ्या देशांना आणि सगळ्या काळांना सारखेच लागू पडतात ही समजूत त्यांनी त्या व्याख्यानात खोडून काढली. जर्मन अर्थतज्ज्ञ लिस्टचा हवाला देत, परतंत्र आणि मागे पडलेल्या देशाला इंग्लंडचा खुला व्यापार जसाच्या तसा मानवणार नाही, असं त्यांनी मांडलं. आजीने रानड्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. तिला जोंधळ्याचा भाव ठाऊक होता.

कात्रज हे शहराला पुरवणारं गाव. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर इथल्या ओढ्याचं पाणी अडवून तलाव केला आणि जमिनीखालच्या दगडी नळातून ते शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नेलं. पाण्याच्या वाटेनेच पुढे दूध गेलं. आजोबा रतीब घालायचे. सायकलच्या दोन्ही अंगांना कॅन अडकवून पहाटे स्वारगेटच्या पुढे पेठांत जायचे आणि ऊन तापायच्या आत घरी परतायचे. त्या वाटेवर, रस्त्याकडेच्या उकिरड्यांवर एक नवं गवत उगवताना त्यांनी पाहिलं होतं. पानं गाजरासारखी, फुलं बारीक पांढरी, जनावर तोंड लावेना आणि उपटणाऱ्याच्या हाताला खाज सुटे. “अमेरिकेच्या गव्हातनं आलंय,” आजोबा ठासून सांगायचे. गाजर गवत म्हणा, काँग्रेस गवत म्हणा, त्याची ही जन्मकथा महाराष्ट्रात घरोघरी सांगतात.

मी ती कथा कागदांशी ताडून पाहिली. हे गवत पुण्यात उकिरड्यांवर दिसल्याची वनस्पतिशास्त्रज्ञांची नोंद १९५५ची आहे, ती छापून आली १९५६ साली. अमेरिकेच्या शिलकी धान्याच्या ‘पीएल ४८०’ कायद्यावर राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांची सही जुलै १९५४ची, पण त्याखाली भारताशी पहिला करार झाला तो ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे गवत करारापेक्षा आधी उगवलेलं. मात्र अमेरिकेचा गहू भारतात त्याहीपूर्वी आला होता. १९५१ साली दुष्काळाच्या छायेत सुमारे २० लाख टन धान्यासाठी अमेरिकेने १९ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. बी त्यातून आलं असेल, आणखी कुठून आलं असेल. देशाच्या दुसऱ्या टोकाला या वनस्पतीचे त्याहून जुने नमुनेही मिळाले आहेत. आजोबांच्या गोष्टीत साल चुकतं. पण धान्याबरोबर धान्याखेरीज आणखीही काही देशात येतं, आणि त्याची किंमत शेतात उपटणी करणाऱ्या बाया मोजतात, हे त्यांनी अचूक पाहिलं होतं. पुढे १९८३ साली ते गवत खाणारा भुंगेरा मेक्सिकोतून भारतात आणावा लागला.

‘पीएल ४८०’चा गहू फुकट नव्हता आणि विकतही नव्हता. अमेरिकेत शेतमालाला सरकार हमीभाव देत होतं, त्यामुळे पीक अफाट येत होतं आणि कोठारं भरून वाहत होती. ते धान्य भारताने डॉलरऐवजी रुपयांत घ्यायचं, ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर राहायचे, त्यातले काही अमेरिकेने इथल्या आपल्या खर्चाला वापरायचे आणि बरेचसे भारताच्याच योजनांना कर्जाऊ द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. डॉलरची चणचण असलेल्या देशाला ती वरदान वाटली यात नवल नाही. सर्वांत मोठा करार ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला: चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. भारताच्या वतीने सही करणारे अन्नमंत्री होते आपले स. का. पाटील. महाराष्ट्र राज्य जन्माला येऊन तेव्हा तीनच दिवस झाले होते. इकडे मुंबईत मंगलकलशाचा उत्सव ताजा होता, आणि संयुक्त महाराष्ट्राला कडाडून विरोध केलेले पाटील तिकडे आयसेनहॉवर यांच्यासमवेत देशाच्या चार वर्षांच्या भाकरीचा कागद करत होते. या दोन घटना आपण एका पानावर कधी वाचत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पुण्यात त्या कागदाचा हिशेब मांडणारी माणसं होती, हा या शहराचा मोठेपणा. गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकरांनी १९५६ सालीच, परक्या देशांच्या शिलकी धान्याचा विकासासाठी उपयोग होऊ शकतो का, या प्रश्नाला हात घातला. त्याच संस्थेच्या नीलकंठ रथ आणि वि. स. पटवर्धन यांचा ‘पीएल ४८०’च्या परिणामांवरचा ग्रंथ १९६७ साली आला. आयात गव्हाने इथला भाव दबतो का, शेतकऱ्याचा हात आखडतो का, त्या रुपयांचं काय होतं, हे प्रश्न त्या काळच्या अभ्यासकांपुढे होते. आजी घासाघिशीची गोष्ट सांगत होती त्याच काळात, काही मैलांवर, तीच गोष्ट कोष्टकांत उतरत होती.

मग १९६५ आणि १९६६ अशी दोन वर्षं पाऊस रुसला. लालबहादूर शास्त्रींच्या हाकेला ओ देऊन आमच्या घरात सोमवारी रात्री चूल पेटत नसे. आजोबांनी ते व्रत शास्त्रीजी गेल्यावरही बरेच दिवस पाळलं. १९६६ साली देशाने १ कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तेव्हा धान्याची जहाजं थोडी थोडी करून सोडण्याचं धोरण धरलं. भारताने शेतीधोरण बदलावं हा त्यात एक हेतू होता. व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीबद्दल भारत जे बोलत होता त्याचा रागही होता. त्याच वर्षी ६ जूनला, कर्ज देणाऱ्या संस्थांच्या दबावाखाली, रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. मदत देणारा हात कधीही आखडू शकतो, हे त्या वर्षाने देशाला शिकवलं, आणि पंजाबातल्या हरितक्रांतीमागे ही बोच होती. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘पीएल ४८०’च्या खात्यात साठलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटींचा धनादेश अमेरिकेच्या राजदूतांनी भारत सरकारच्या हाती परत दिला. आमच्या घरात त्याची वार्ताही नव्हती.

आत्या पुरंदर तालुक्यात दिलेली. १९७२च्या दुष्काळात ती नवी नवरी होती आणि खडी फोडायला जात होती. तिच्या सांगण्यात दोन पदार्थ नेहमी येतात, सुकडी आणि मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. “थापायला घेतली की भाकरी फाटायची. लाल लाल भाकर बघून सासरा म्हणायचा, ही जनावराची हाय.” तो खरं बोलत होता, अमेरिकेत हे धान्य मुख्यतः गुरांना घालत. पण या वेळी ती मदत नव्हती. डिसेंबर १९७१च्या बांगलादेश युद्धात अमेरिकेशी बिनसलं आणि तो मार्ग बंद झाला. धान्य रोख डॉलर मोजून घ्यायचं होतं, आणि नेमक्या १९७२च्या उन्हाळ्यात सोव्हिएत रशियाने अमेरिकेच्या बाजारातून प्रचंड गहू उचलला होता. जगात भाव भडकले. पुढच्या वर्षी रशियानेच भारताला २० लाख टन गहू उसना दिला. आत्याच्या तव्यावरच्या त्या फाटणाऱ्या भाकरीत मॉस्को, वॉशिंग्टन आणि ढाका अशी तीन गावं होती.

आता दुधाकडे येतो, कारण कात्रजची खरी गोष्ट दुधाची आहे. तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, शाळेत असताना परदेशी भुकटीचं गरम दूध पीत. मोठ्या पातेल्यात ते ढवळत आणि पोरं घरून आणलेले पेले पुढे करत. घरी गोठ्यात म्हैस, आणि शाळेत परदेशची भुकटी! तात्या मोठे होऊन दुधाच्याच कामाला लागले. गावोगावच्या सोसायट्यांचं दूध तपासणं, फॅट लावणं, लॅक्टोमीटर बुडवून डिग्री बघणं यांत त्यांचा जन्म गेला. सातारा रस्त्यावर कात्रजला जिल्हा सहकारी दूध संघाची डेअरी उभी राहिली आणि ‘कात्रज’ हे गावाचं नाव दुधाच्या पिशवीवर चढलं. त्यानंतर पेठांतल्या रतिबाची सायकल हळूहळू थांबली. आजोबांना त्याचं दुःख झालं नाही. “आता माझं दूध माप लावून जातं,” एवढंच ते म्हणाले. पेठांतली काही घरं महिना-महिना पैसे थकवत, हे ते विसरले नव्हते.

तात्यांमुळे मला युरोपची गोष्ट कळली. साठच्या दशकात युरोपच्या सामायिक बाजाराने आपल्या शेतकऱ्यांना दुधाचा चढा भाव बांधून दिला. दूध इतकं झालं की लोणी आणि भुकटी ठेवायला गोदामं पुरेनात. तो माल भारतासारख्या देशांत फुकट ओतला गेला असता तर काय झालं असतं? मुंबईच्या ग्राहकाला स्वस्त दूध मिळालं असतं आणि आणंदपासून पुरंदरपर्यंत म्हशी बाजारात निघाल्या असत्या. आणंदच्या सहकारी दूधचळवळीचे व्हर्गीस कुरियन यांनी ही भीती ओळखली आणि त्याच मालाचं भांडवल करायचं ठरवलं. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल देणगीदाखल घ्यायचं, पण फुकट वाटायचं नाही. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथल्या डेअऱ्यांत त्याचं दूध करून, इथल्या दुधाचा भाव पडणार नाही अशा दराने विकायचं आणि आलेल्या पैशांतून गावांतल्या सोसायट्या, शीतकरण केंद्रं, टँकर आणि पशुखाद्याचे कारखाने उभे करायचे. १९७० साली सुरू झालेला हा दूधमहापूर. १९८१ नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात तो देशातल्या १३६ दूधक्षेत्रांपर्यंत पसरला, आणि त्यांत महाराष्ट्रातले जिल्हेही होते.

मला या सगळ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही जागा. लाल गहू आणि पांढरी भुकटी, दोन्ही श्रीमंत देशांच्या कोठारांत साचलेला माल. दोन्हींच्या मागे तिथल्या शेतकऱ्यांची मतं आणि तिथली सरकारं. फरक पडला तो गल्ला कोणाकडे होता यावर. गव्हाचे रुपये देणाऱ्याच्या खात्यावर बसले आणि जहाज कधी सोडायचं तेही देणाऱ्याने ठरवलं. भुकटीचे पैसे इथल्या महामंडळाकडे जमले आणि त्यांतून देणाऱ्याची गरजच संपवणारी यंत्रणा बांधली गेली. १९९८ साली दूध उत्पादनात भारताने अमेरिकेला मागे टाकलं.

ही कहाणी निर्मळ मात्र नाही. तात्या स्वतः तिच्यातल्या उणिवा मोजून दाखवायचे. १९८३ साली क्लॉड अल्वारिस यांनी दूधमहापुरावर घणाघाती लेख लिहिला. शहराला दूध मिळालं पण गावातल्या पोरांच्या पेल्यातलं गेलं, देणगीच्या भुकटीची चटक लागली, असा त्याचा रोख होता. तात्यांनी त्यावरून डेअरीतल्या मित्रांशी वाद घातले. “गावात आता ताक मागितलं तर लोक तोंड बघतात,” हे त्यांचं म्हणणं होतं, आणि पूर्वी ताक कोणी विकत नव्हतं, ते मागणाऱ्याला मिळायचं. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली ‘बाएफ’ स्थापन केली आणि संकरित गाईंचा प्रसार केला. दुधाचे कॅन भरले, पण खिलार मागे पडली आणि गोठ्यात पेंडीचा, औषधांचा खर्च आला. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटल्यावर देणगीत आलेल्या आयर्लंडच्या लोण्यात किरणोत्सर्ग असल्याची भीती उठली. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. तज्ज्ञांच्या समितीने ते लोणी खाण्यास सुरक्षित ठरवलं आणि १९८८ साली याचिका निकाली निघाली. आमच्या घरात मात्र त्या वर्षी आजीने विकतचं लोणी दारात येऊ दिलं नाही.

देणगीचा काळ संपला आणि कराराचा आला. जुन्या ‘गॅट’ या व्यापारकरारात भारताने भुकटीवर शून्य टक्के आयातशुल्क बांधून दिलेलं होतं. जागतिक व्यापार संघटना आल्यावर ते वचन गळ्याशी आलं. १९९९ साली पुन्हा वाटाघाटी करून भारताने ते सोडवलं: वर्षाला १० हजार टनांपर्यंत १५ टक्के आणि त्यापुढे ६० टक्के. गुळगुळीत कागदांवरचे हे आकडे आहेत, पण भोर, पुरंदर आणि हवेलीतल्या किती गोठ्यांचं छत त्यांनी सावरलं!

तरी भिंत घातली म्हणून वारा थांबत नाही. २०१४ साली रशियाने युरोपचं अन्न नाकारलं, २०१५च्या एप्रिलपासून युरोपने दुधावरचे कोटे उठवले आणि तिथल्या सरकारी गोदामांत साडेतीन लाख टनांहून अधिक भुकटी साठली. जगात भुकटीचा भाव कोसळला. महाराष्ट्रातलं जादा दूध भुकटीत जातं. भुकटी परदेशी जाईना, देशात कोणी घेईना. गाईच्या दुधाला लिटरमागे सतरा रुपयांपर्यंत भाव उतरला आणि जुलै २०१८ मध्ये राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने मुंबईचं दूध अडवलं. टँकर फोडले गेले, दूध रस्त्यावर सांडलं, आणि सरकारने लिटरला २५ रुपये भाव जाहीर केला. तात्या तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. टीव्हीवर ते सांडलेलं दूध बघून त्यांना राग आला नाही, ते रडले. पुढच्या वर्षी ४ नोव्हेंबरला बँकॉकमध्ये भारताने ‘आरसेप’ या खुल्या व्यापाराच्या करारातून अंग काढून घेतलं. त्यामागे न्यूझीलंडच्या दुधाची धास्ती हे एक मोठं कारण होतं. ती बातमी ऐकायला तात्या नव्हते.

दुधाला वाली होता. सोसायट्या होत्या, संघ होते, मतं होती, त्यामुळे बँकॉकपर्यंत आवाज पोहोचला. तेलबियांना तसं कोणी भेटलं नाही, आणि हे दुःख आत्याचं. तिच्या सासरी रब्बीला करडई असायची, काढणीला अंगभर काटे टोचायचे, आणि घाण्यावरून आलेलं तेल वर्षभर पुरायचं. कुरियन यांनी तेलातही तोच प्रयोग केला होता. परदेशातून देणगीत आलेलं तेल विकून तेलबियांच्या सहकारी संस्था उभ्या करायच्या. ‘धारा’ हे तेल त्यातूनच आलं. पण १९९४ पासून पामतेलाची आयात खुली झाली, आणि शुल्क वाढवायचं की घटवायचं हे शहरातल्या महागाईकडे बघून ठरू लागलं. आज देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. करडईच्या त्या रानात आता अंजीर आणि सीताफळ आहे, पैसा त्यात बरा मिळतो, आत्याची त्याबद्दल तक्रार नाही.

एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात बंद केली. युक्रेनच्या युद्धामुळे सूर्यफुलाचं तेल आधीच दुर्मीळ झालं होतं. सासवडच्या दुकानात पिशवीचा भाव ऐकून आत्याने मला फोन केला आणि कारण विचारलं. मी सांगितलं: त्यांच्याकडे तेल महाग झालं म्हणून त्यांच्या सरकारने बाहेर पाठवायचं थांबवलंय, आधी त्यांच्या माणसांना.

“मग बरोबरच केलं की त्यांनी,” आत्या म्हणाली. “आपली करडई मोडली तवा आपल्याकडचं कोण बोललं होतं रं?”